झोपेचं तेल

त्या दिवशी दिवेलागणीला मी ओसरीवर बसून बायकोचे तळपाय काशाच्या वाटीनं घासले. पळीत तिळाचं कोमट तेल होतं आणि त्यात हळदीच्या पाल्याच्या अर्काचे थेंब. थेंब किती टाकायचे, यावरून आम्ही भांडलो.

"चार झाले," ती म्हणाली.

"तीन."

"मी बघून राहिले ना. चार झाले. तुमचा हात बैलाला औषध पाजायचा हात हाय."

मी आणखी एक टाकला. तिनं पाय मागं ओढला, थोडा वेळ रुसल्यासारखं केलं आणि मग आपणहून पुन्हा माझ्या मांडीवर ठेवला. वाटी फिरवता फिरवता मी तिला आमच्या पाटीची, म्हणजे तरण्या शेळीची, गंमत सांगत होतो. पाटीनं शेजारच्या बोकडाला शिंगावर घेतलं होतं. गोष्ट अर्ध्यावर होती आणि तिचे डोळे मिटले.

त्या रात्री ती झोपेतच गेली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्यानं जीव मुठीत धरून बसू नये. मला तिच्या मरणाचं लिहायचं नाही. मरण सगळ्यांना येतं, त्यात काय सांगायचं. मला तिच्या झोपेचं लिहायचंय. ती झोप आणायला मला जेवढे सायास पडले, तेवढे दोन्ही पोरींची लग्नं करताना पडले नाहीत.

आमची थोरली वसमतकडं दिलेली. धाकटीचं लग्न होऊन ती नांदेडला गेली आणि घरात आम्ही दोघं आणि शेळ्या एवढेच उरलो. तेव्हापासून तिची झोप गेली. मी उजाडता उठायचो तर अंगण झाडलेलं, शेळ्यांच्या लेंड्या भरलेल्या, जात्यावर दळण पडलेलं. आमचं आवरलं की ती शेजारी माझ्या वहिनीचं अंगणही झाडून यायची. वहिनी म्हणजे माझ्या वारलेल्या थोरल्या भावाची बायको. तोंडाची फटकळ, मनाची साफ. ती म्हणायची, "भावजी, हिला औषध आणायची घाई करू नका. माझं अंगण लई दिवसांनी असं चकचकीत दिसून राहिलं."

हसण्यावारी न्यायचो आम्ही. पण दिवसा तिला डुलकी यायची, आणि नको तिथं यायची. निंदताना खुरपं बोटावर चाललं. भाकरी तव्यावर कोळसा व्हायची. मग एकदा विहिरीवर ती पोहरा ओढता ओढता उभ्या उभ्या पेंगली. दोर हातातून सुटला आणि ती पुढं झुकली. मी मागं घागर घेऊन उभा होतो, पदर हाताला लागला म्हणून ओढली. ती दचकून मलाच म्हणाली, "काहून वढता? पदर फाटला ना." मी साप मारलेत, लांडग्याच्या मागं काठी घेऊन पळालोय. पण त्या दिवशी घागर तिथंच टाकून मी तिला हाताला धरून घरी आणलं. हिला झोप आली नाही तर ही माझ्या हातातून जाणार, एवढं मला कळलं.

कळमनुरीच्या डाक्टरनं गोळ्या दिल्या. गोळीनं ती पडायची, पण उठल्यावर दुपारपर्यंत ठिकाणावर नसायची. एकाच भाजीत दोनदा मीठ, शेळीच्या पाण्यात ताक. आठवडाभर मी ते जेवण मुकाट्यानं जेवलो. मग तिनंच गोळ्या उकिरड्यावर टाकल्या. म्हणाली, "धोंड्यासारखं पडणं म्हंजे निजणं न्हाई. मला झोप पायजे, बेशुद्धी नको."

आमच्या गावामागच्या माळावर रोशा गवत उगवतं. कोणी त्याला तिखाडी म्हणतं. पावसाळा सरला की त्याचे तुरे लाल पडतात आणि सगळा माळ गुलाबासारखा वास मारतो. तांड्यावरचे नाईक ओढ्याकाठी भट्टी लावून त्याचं तेल काढायचे. मी गुडघ्यासाठी दरवर्षी त्यांच्याकडून बाटली आणायचो. त्या साली तिलाही बरोबर घेऊन गेलो.

ती भट्टी बघण्यासारखी होती. मोठं लोखंडी पिंप, त्यात दाबून भरलेलं गवत आणि तळाला पाणी. झाकणाच्या फटी चिखलानं लिंपलेल्या. वरून तांब्याची नळी निघून ओढ्याच्या गार पाण्यातून जायची आणि दुसऱ्या टोकाला बारीक धार पडायची. पाणी खाली बसायचं आणि तेल वर तरंगायचं. ती धारेजवळ उकिडवी बसून बघत राहिली.

"नाईक, एवढ्या वासात दिवसभर बसता. तुमाला तर बसल्या जागी झोप येत असंल."

"मला झोप आली तर खालचं पाणी आटंल, वहिनी, अन् गवत जळंल. माझ्या बायकोला बसवून बघितलं मी इथं. ती अशी घोरली की तांड्यावरून माणसं बघायला आली."

नाईकांनी मला आधीच हटकलं. गुडघ्याला चोळता तसं झोपेसाठी चोळायचं नाही म्हणाले. झोपेला तेल नाकातून पाहिजे. एक थेंब तळहातावर घ्यायचा, हात एकमेकांवर चोळायचे, त्याची ओंजळ करून तोंडावर धरायची आणि हळूहळू श्वास घ्यायचा. तिनं तिथंच करून बघितलं. चेहरा खुलला. पण घरी आल्यावर चार-पाच दिवस करून ती म्हणाली, "ह्या वासानं मला लग्नात आल्यासारखं वाटतंय. लग्नात कुणाला झोप येती का?"

मला वाटलं, थेंबभर तेलानं काय होणार. औषध कमी पडतंय. मी अर्धी बाटली तिच्या गोधडीवर शिंपडली, वर उशीलाही लावली. अशी चूक आमच्यासारखाच माणूस करतो. पिकाला, ढोरांना आणि माणसाला, कुणालाही काही द्यायचं तर हात आखडायचा नाही, हे आमच्यात लहानपणापासून भिनलेलं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं लाल डोळ्यांनी अंगणात बसलेलो, शेळ्या शिंकत होत्या, आणि वहिनी कुंपणावरून विचारत होती, "कुणाची वरात उतरली म्हणायची तुमच्याकडं?" बायकोच्या मानेवर लाल चट्टे उठले ते खोबरेल लावून निवले. गोधडी तीनदा धुतली तरी वास जाईना. हिंगोलीला जाणाऱ्या यष्टीत मी बसलो की शेजारचा माणूस माझ्याकडं वळून बघायचा, मग खिडकी उघडायचा.

हिंगोलीच्या बाजारात एक अत्तरवाले चाचा बसायचे. लाकडी पेटीत अत्तराच्या शिश्या मांडलेल्या. मी तिला बरोबर घेऊन गेलो आणि त्यांना तकलीफ सांगितली. त्यांनी माझा सदरा लांबूनच हुंगला आणि म्हणाले, "मियाँ, तुमने तो दवा का अचार डाल दिया." मग तिच्याकडं वळून, "अम्मा, ये खस है. फाया कान में रखो, ऊपर से पदर लेओ. नाक को मत दिखाओ. दिमाग ठंडा होना, बस."

खसाचा, म्हणजे वाळ्याचा, वास तिला फार आवडला. उन्हाळ्यात कोरड्या जमिनीवर पाणी शिंपडल्यासारखा. कानात कापसाचा फाया घालून ती दुपारी लिंबाखाली बसायची आणि मी हाक मारली की म्हणायची, "कानात अत्तर हाय, ऐकू येत न्हाई." तो फाया तिला फारच सोयीचा पडला. डोकं निवायचं तिचं, चिडचिडही कमी झाली. पण झोप येऊन दारातच थांबायची, आत शिरायची नाही.

दिवाळीला धाकटी माहेरी आली. तिनं नांदेडला ब्युटी पार्लरचं काम शिकून घेतलं होतं. पिशवीतून तिनं तुळशीवृंदावनाच्या घाटाचं एक मातीचं बुटकं भांडं काढलं. खाली मेणबत्ती ठेवायची, वर वाटीत पाणी, पाण्यात लव्हेंडरचे दोन थेंब. म्हणाली, "बाबा, ह्याला अरोमाथेरपी म्हणतात. तेल अंगालाबी न्हाई अन् कानातबी न्हाई. हवेत सोडायचं. माय नुसती खोलीत बसली तरी पुरे."

"म्हणजे उदबत्तीच की," मी म्हणालो.

"उदबत्तीचा धूर होतो, बाबा. हे नुसतं वाफंवर जातं. ऐका ना जरा."

आणि काय सांगू, धाकटी होती तेवढे दिवस आमची घरची मस्त निजली. धाकटी तिच्या उशाशी बसून सासूची, नणंदेची, पार्लरात येणाऱ्या बायांची रामकहाणी लावायची, आणि ही गालाखाली हात घेऊन गपगार. मी त्या मातीच्या भांड्यापुढं मनातल्या मनात हात जोडले.

धाकटी सासरी गेली. संध्याकाळी आम्ही दोघांनी भांडं मांडलं. मेणबत्ती लावली. मी पाण्याचा तांब्या घेतला तर ती म्हणाली, "पाणी कशाला? दुधात पाणी घालणाऱ्याला आपण शिव्या देतो, अन् इथं आपल्याच हातानं घालायचं?" मलाही पटलं. पोरीनं जपून वापरायला म्हणून पाणी सांगितलं असेल, आपण कशाला काटकसर करायची. कोरड्या वाटीत तेल ओतलं. आधी ते चुरचुरलं, मग करपलं, मग तडकन वाटीच फुटली आणि घरात असा धूर झाला की लव्हेंडर म्हणजे जळका पापड अशी माझी कायमची समजूत झाली.

दुसऱ्या दिवशी फाट्यावरच्या टेलिफोनवाल्याकडून धाकटीला फोन लावला. तिकडं ती एवढी हसली की दुकानात बसलेल्या सगळ्यांना ऐकू गेलं. शेवटी म्हणाली, "मायला द्या." मायलेकी बोलत बसल्या आणि मी बाहेर बाकड्यावर विचार करत बसलो. नाईक म्हणतात नाक, चाचा म्हणतात कान, पोरगी म्हणते हवा, आणि मी म्हणतो कातडं. माणसाच्या अंगात झोप शिरायची खरी वाट कोणती, ते कुणाला माहीत नाही. आणि ज्याला त्याला आपलंच बराबर वाटतं.

हळद शिजवायचे दिवस आले. आमच्या शेतात तेव्हा मोठी लोखंडी काहील लावायचो. त्यात हळदीचे गड्डे आणि पाणी, वर हळदीच्याच पाल्याचा जाड थर, त्यावर ओली पोती, खाली कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा जाळ. वाफ निघायची ती पाल्यातून गाळून निघायची. आल्यासारखी, कापरासारखी आणि ओल्या मातीसारखी, सगळी मिळून एक. आजूबाजूला सात-आठ बाया गड्ड्यांची हळकुंडं मोडत बसायच्या. त्यांच्या तोंडाला विसावा नसायचा. कुणाची सून, कुणाचा जावई, कुणाची म्हैस, सगळ्यांचा पंचनामा.

मी जाळाला पऱ्हाट्या घालत होतो. मागं वळून बघतो तर आमची घरची पाल्याच्या ढिगाला टेकून झोपलेली. भर दुपारी, तोंड उघडं, हातात अर्धवट मोडलेला गड्डा. मी तिकडं जायला लागलो तर वहिनीनं मला हातानं थोपवलं.

"निजू द्या. तिच्या वाट्याचं मी मोडते. ए बायांनो, जरा गप बसा गं. बापडीला झोप लागली."

सगळ्या गप झाल्या. नुसता जाळाचा आवाज. आणि ती खाडकन उठून बसली.

"काहून गप झाल्या सगळ्या? काय झालं? कोण गेलं?"

"कोणी न्हाई गेलं माय. तू निजली होती."

"व्हय? मग बोला की," ती म्हणाली. बाया पुन्हा सुरू झाल्या, म्हशीचं पुढं चाललं, आणि ही पुन्हा ढिगाला टेकून झोपली. सूर्य कलला तरी उठली नाही.

मला खूण पटली. म्हणजे मला वाटलं की पटली. हळदीच्या पाल्याचा वास, दुसरं काही नाही. राहिलेला हिरवट पाला बैलगाडीत भरून मी तांड्यावर गेलो. नाईक कमरेवर हात ठेवून गाडीकडं बघत राहिले.

"हे काय आणलं?"

"झोप."

"लोक हे जाळून राहिले, अन् तुमी ह्याचं अत्तर काढता?"

पण काढून दिलं त्यांनी. रोशापेक्षा फार कमी निघालं, फिक्कं, पाण्यासारखं. मी बाटली छातीशी धरून घरी आणली. थेंब तिळाच्या तेलात टाकले, कारण मानेवरचे चट्टे मी विसरलो नव्हतो. काशाच्या वाटीनं तिचे तळवे घासले. आमची आजी उन्हाळे लागल्यावर घासायची तसे. तळवे काळे झाले, म्हणजे उष्णता निघाली म्हणतात. वास तोच, अगदी काहिलीवरचा. मी चूप बसून वाट बघत राहिलो. आणि ती टक्क डोळे उघडे ठेवून आढ्याकडं बघत राहिली.

"न्हाई येत?"

"न्हाई." मग थोड्या वेळानं ती म्हणाली, "वास तोच हाय. पण माणसं न्हाईत. पोरी होत्या तवा एकीचं सरलं की दुसरीचं सुरू. त्या बोलायच्या अन् मी निजायची. आता घर असं गप असतं की मला वाटतं कुणाला तरी काही झालंय अन् तुमी सांगून न्हाई राहिले."

मी आधीपासूनच कमी बोलणारा. ढोरांशी बोलतो तेवढंच माझं बोलणं.

"तुमी बोला," ती म्हणाली.

"काय बोलू?"

"काहीबी. मला ऐकायचं थोडंच हाय?"

तिथून माझी शाळा सुरू झाली. पहिल्या दिवशी मी बियाण्याच्या पिशवीवरचं वाचून दाखवलं. एकेक अक्षर जुळवत वाचायला मला वेळ लागायचा, ते बरंच झालं. पिशवी संपली. मग यष्टीत शेजारी कोण बसलं ते सांगितलं. मग लहानपणी हिंगोलीच्या टेशनात मी हरवलो होतो ते. मग बांधावरून चुलत्याशी भर बाजारात झालेलं भांडण, त्याच्या वाट्याच्या शिव्या मीच देऊन. ते भांडण मी वर्षातून पाच-सहादा तरी सांगितलं असेल. ती डोळे मिटूनच सांगायची, "तो कळमनुरीचा बाजार नव्हता, वसमतचा होता." म्हणजे ऐकायचीही. आणि मग हळूच तिचा पाय माझ्या मांडीवर जड व्हायचा. तो जड झाला की मला कळायचं, लागली. वजनावरून मला तिची झोप कळायची.

एकदा तेल संपलं होतं. मी नुसताच बोललो. झोप नाही. एकदा माझा घसा बसला होता. नुसतं तेल लावलं. झोप नाही. दोन्ही लागायचं. धाकटीला सांगितलं तर ती म्हणाली, त्या वासानं अंग सैल होतं आणि तुमच्या आवाजानं जिवाला धीर येतो. चाचा म्हणाले, शेवटी औषध कानातूनच गेलं ना, मी काय सांगितलं होतं. नाईक म्हणाले, तेल माझं. मी कुणाशीही भांडलो नाही. माझं माणूस विहिरीच्या काठावर पेंगायचं थांबलं होतं. तिच्या अंगावर मांस चढलं. वहिनीचं अंगण पुन्हा वहिनीलाच झाडावं लागायला लागलं आणि ती मला रोज शिव्या द्यायची.

अशी वर्षं गेली. चांगली गेली. रस्त्यानं जाणारे लोक म्हणायचे, म्हातारा संध्याकाळी कोणाशी एवढं बोलून राहिला? मुका माणूस बोलका झाला म्हणून गावात कौतुक. नाईक दरसाली पाल्याची गाडी बघून हसायचे आणि बाटली भरून द्यायचे. मी एवढा बोलायला शिकलो की बाजारात माणसं माझ्यापासून सुटका करून घ्यायला लागली.

त्या शेवटच्या दिवसाच्या दुसऱ्या सकाळी मी उठलो तर ती निजलेली होती. बाहेर चांगलं उजाडलेलं. उन्हाची तिरीप पार तिच्या गोधडीपर्यंत आलेली. इतक्या वर्षांत ती माझ्या मागून कधी उठली नव्हती. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. म्हटलं, आज हिची सगळी थकलेली झोप एकदम वसूल होऊन राहिली.

फक्त घर गप पडू द्यायचं नाही, एवढं मला माहीत होतं. म्हणून मी बोलायला लागलो. चूल पेटवताना बोललो. शेळीची धार काढायला अंगणात गेलो तर तिथून मोठ्यानं, आत ऐकू जाईल असं बोललो. काल गोष्ट अर्ध्यावर राहिली होती, तीच पुढं चालवली. पाटीनं बोकडाला शिंगावर घेतलं, मग बोकड कुंपणावरून पलीकडं गेला, मग त्याचा मालक काठी घेऊन आला. चहा उकळला, तो दोन कपांत ओतला, तरी माझं चालूच.

वहिनी कुंपणाशी आली. "भावजी, सकाळी सकाळी कोणाशी बोलून राहिले?"

"तुमची जाऊ निजलीय अजून. आवाज थांबला की जागी होती. या, तुमीबी बोला जरा. मला चहा तरी पिऊ द्या."

वहिनी हसत हसत उंबऱ्यावर येऊन टेकली. गुडघ्याचं सांगितलं, सुनेचं सांगितलं, नळाला पाणी नाही ते सांगितलं. मी चहा प्यालो. कितीतरी दिवसांनी एवढा निवांत प्यालो. मग वहिनी म्हणाली, "आता उठवते मी हिला, ऊन डोक्यावर आलं," आणि बोलता बोलता आत गेली. आत तिनं एकदा हाक मारली. दुसऱ्यांदा मारली. मग तिचा आवाज बंद झाला.

"वहिनी, गप होऊ नका," मी ओसरीवरून म्हणालो. "उठंल ती."

मग मीच कप खाली ठेवला, दाराकडं तोंड केलं आणि बोकडाच्या मालकाचं पुढं काय झालं ते सांगायला लागलो.